काय करतोस सध्या?

स्वारगेटहून रात्री सुटणारी एक गाडी पहाटे तीनच्या आसपास त्याच्या तालुक्याच्या स्टँडवर पोचते. तिथून गाव सहा किलोमीटर. दुधाचा टेम्पो मिळाला तर ठीक, नाहीतर चालत. दिवसाच्या तीन गाड्या असताना हा मुलगा गेली चार वर्षं हीच गाडी धरतो. का, म्हणून विचारलं तर आधी म्हणाला, गर्दी नसते. चहाचा दुसरा कप आल्यावर म्हणाला, "दिवसा गेलं की पारावर माणसं असतात."

पारावरची माणसं वाईट नाहीत. ती एवढंच विचारतात, "काय करतोस सध्या?" त्यातल्या निम्म्यांना उत्तराशी देणंघेणंही नसतं. 'जेवलास का' म्हणावं तसं ते म्हणतात. पण एकतीस वर्षांच्या, एम.ए. झालेल्या, स्पर्धापरीक्षांत दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचून दोन्हीदा थोडक्यात राहिलेल्या मुलाला त्या तीन शब्दांचं उत्तर देता येत नाही. 'अभ्यास' म्हणावं तर लोक एकमेकांकडे बघतात. 'काही नाही' म्हणावं तर ते खोटं, कारण दिवसाचे बारा तास तो अभ्यासिकेत बसलेला असतो. म्हणून तो अंधारात गावात शिरतो, दोन दिवस उंबऱ्याबाहेर पडत नाही आणि अंधारातच परततो. चुलतभावाच्या लग्नालाही तो गेला नव्हता. परीक्षा आहे असं कळवलं होतं. परीक्षा नव्हती.

हे पुस्तक अशा मुलांविषयी आहे. 'मुलं' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे, आणि तो मला टोचतोही आहे. यातले बहुतेकजण पंचवीस ते पस्तीस वर्षांचे आहेत. त्यांच्या वडिलांना या वयात दोन-तीन लेकरं होती, नावावर सातबारा होता, भावकीत त्यांचा शब्द विचारला जायचा. यांना अजून घरात 'पोरगं' म्हणतात, कारण पोरगं संपून माणूस सुरू व्हायला आपल्याकडे दोन गोष्टी लागतात, नोकरी आणि लग्न. दोन्ही अडकल्या की माणूस मधल्या मोरीत अडकलेल्या पाण्यासारखा साचून राहतो.

घर चालवणाऱ्याला मराठीत आपण 'कर्ता' म्हणतो. मुलगा मिळवायला लागला की 'हाताशी आला' म्हणतो. तरुण माणूस गेला तर शेजारीपाजारी हळहळतात, 'कर्तासवरता मुलगा गेला हो.' पुरुषाचं मोजमाप तो काय करतो यावर, हे आपल्या बोलण्यात इतकं मुरलेलं आहे की त्याचं ओझं कुणाला जाणवत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनकार्डावर घरातल्या वडीलधाऱ्या बाईला कुटुंबप्रमुख केलं; घरातला कर्ता त्यानं बदलला नाही. बाईनं दिवसभर राबून 'काही करत नाही' म्हणवून घ्यायचं आणि पुरुषानं काही करायला मिळत नसताना 'कर्ता' व्हायचं, असा हा दुहेरी घोळ आहे. पहिल्या अर्ध्याबद्दल मराठीत गेली चाळीसेक वर्षं पुष्कळ आणि चांगलं लिहिलं गेलं. दुसऱ्या अर्ध्याबद्दल लिहायला बसलं की लिहिणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होतं. मलाही झालं. पुरुषांच्या दुःखाविषयी बोलणं म्हणजे बायकांच्या दुःखावर पाणी ओतणं, अशी शंका येते. ती रास्त आहे, कारण ते तसं वापरणारी मंडळी भरपूर आहेत. त्यांच्याकडे मी पुढे येतोच.

आधी थांबण्याविषयी. पुण्याच्या सदाशिव, नारायण आणि नवी पेठेत मराठवाड्यातली, विदर्भातली, खानदेशातली, सोलापूरकडची हजारो मुलं कॉट बेसिसवर राहतात. एका खोलीत चार, कुठे सहा. डबा मेसचा, बसायला अभ्यासिकेतली नंबर टाकलेली खुर्ची. घरून महिन्याला आठ-दहा हजार येतात, आणि ते कुठून येतात हे मुलाला नेमकं माहीत असतं. कुणाच्या आईनं बचतगटातून कर्ज काढलेलं असतं, कुणाच्या घरची एक म्हैस कमी झालेली असते. त्यांची भाषा ऐका: 'अ‍ॅड आली का', 'जागा किती निघाल्या', 'कट-ऑफ कितीला लागेल', 'निकाल लागला पण कोर्टात गेलंय.' यातल्या एकाही वाक्याचा कर्ता ते स्वतः नाहीत. जाहिरात येते, जागा निघते, निकाल लागतो. यांनी फक्त असायचं.

२०२० सालची राज्यसेवेची पूर्वपरीक्षा ५ एप्रिलला होणार होती. करोना आला, ती पुढे गेली, पुन्हा पुढे गेली. पुढच्या वर्षी १४ मार्चची तारीख तोंडावर आली असताना ती आणखी एकदा पुढे ढकलली गेली, तेव्हा ११ मार्च २०२१ ला ही मुलं नवी पेठेतल्या रस्त्यावर येऊन बसली. परीक्षा अखेर २१ मार्चला झाली. त्याच वर्षी जूनच्या शेवटी पुण्यात एका मुलानं जीवन संपवलं. त्यानं मुख्य परीक्षा पार केली होती आणि मुलाखत होत नव्हती. विधानसभेत गदारोळ झाला, आश्वासनं झाली. मला त्या दिवसांतलं आठवतं ते अभ्यासिकेतलं वातावरण. कुणी रडलं नाही, कुणी फार बोललंही नाही. संध्याकाळी एकानं फक्त एवढं म्हटलं, "त्याचं तर झालं होतं यार." झालं होतं, म्हणजे तो पुढे निघून गेला होता. पुढे गेलेलाही असा जातो, तर रांगेत मागे उभं असलेल्यानं काय धरून बसायचं, हा त्या वाक्याचा उरलेला भाग होता.

राज्यानं २०१६ मध्ये वयोमर्यादा वाढवली, खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३. मागणी मुलांचीच होती आणि तिच्यात तथ्य होतं. पण सवलतीला दुसरी धार असते. पूर्वी तिशीच्या अलीकडेपलीकडे दार बंद व्हायचं, माणूस चिडायचा, रडायचा आणि दुसऱ्या वाटेला लागायचा. आता दार अडतिसाव्या वर्षापर्यंत किलकिलं राहतं. किलकिल्या दारासमोरून उठता येत नाही. माझ्याशी बोललेल्यांपैकी एकाकडे दुकान टाकायला मामा पैसे द्यायला तयार होता. त्यानं नकार दिला, कारण दुकान टाकणं म्हणजे हरल्याची पाटी लावणं. "अजून चार अटेम्प्ट बसतात," तो म्हणाला.

आकड्यांनी हे चटकन कळतं. २०२४ च्या पोलीस भरतीत १७ हजारांवर जागांसाठी सतरा लाखांच्या आसपास अर्ज आले. म्हणजे एका वर्दीमागे शंभरजण. त्यात इंजिनिअर होते, बी.एड. झालेले होते. पहाटे गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटर पळणारी पोरं तुम्हीही पाहिली असतील. त्यातल्या नव्व्याण्णवांना पुन्हा तिथेच पळायचं असतं.

नेमाड्यांची 'कोसला' १९६३ सालची. खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला आणि हात हलवत परत गेलेला पांडुरंग सांगवीकर तेव्हाच मराठीत येऊन गेला, म्हणून हे दुखणं नवं नाही असं म्हणणारे मला भेटले. मला ते पटत नाही. पांडुरंगला परत जायला घर होतं, आणि त्या घराला परतलेला मुलगा पोसवत होता. १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याची सरासरी जमीन ४.२८ हेक्टर होती; २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. दोन भाऊ असतील तर मधून बांध घालून प्रत्येकी पावणेदोन एकरही धड नाही. आजचा पांडुरंग परत जातो तो वाटणीच्या भांडणात जातो.

आणि तिथे गेल्यावर लग्नाचं काय? डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात फेटे बांधून, मुंडावळ्या लावून, घोड्यांवर बसून, वाजतगाजत काही तरुण जिल्हाधिकारी कचेरीवर गेले. आम्हाला नवरी मिळवून द्या आणि गर्भलिंगनिदानाचा कायदा नीट राबवा, असं त्यांचं म्हणणं होतं. टीव्हीवर ती बातमी शेवटच्या दोन मिनिटांत, हसत हसत वाचली गेली. मीही हसलो होतो. नंतर त्या भागातल्या अशाच काही लग्नाळू मुलांशी बोलताना त्या हसण्याची लाज वाटली. वर्षाला पंधरा-पंधरा स्थळं बघून झालेली, कांदेपोहे खाऊन परतलेली, 'कळवतो' म्हणून न कळवलेली. एकजण म्हणाला, "नकार चालंल हो. पण नकार पण कळवत नाहीत." मध्यस्थाला लाख-दीड लाख देऊन परमुलखातली मुलगी आणायची, लग्न लागायचं, आणि आठवड्याभरात नवरी दागिन्यांसकट गायब, असे गुन्हे जिल्ह्याजिल्ह्यांत नोंदले जातात. त्यात फसलेले पोलिसात जातात ते थोडे. बाकीचे गावाच्या तोंडाला घाबरून गप्प.

आता त्या मोर्चाच्या दुसऱ्या मागणीकडे बघा. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. बीडमध्ये २०११ ला ८०७. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारं देशातलं पहिलं राज्य आपलंच, १९८८ सालचं. तरी हे झालं. आज लग्नाच्या बाजारात उभे आहेत ते २००१ च्या शिरगणतीतले मुलगे. २०११ ची तुकडी अजून यायची आहे. घोड्यावर बसलेल्या त्या नवरदेवांपैकी किती जणांच्या घरी एखादी बहीण जन्माला येऊ दिली गेली नसेल, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. पण आयांना विचारला तर त्या खाली बघतात. हे कुणी परक्यानं लादलेलं नाही. आपल्याच घरांनी, 'वंशाला दिवा' म्हणत, दिव्याला वात मिळू नये अशी तजवीज केली.

ज्या मुली आहेत त्या शेतकरी नवरा नको म्हणतात. गावोगाव ऐकू येतं, 'शेती पाहिजे, शेतकरी नको.' मुलांच्या तोंडी हे वाक्य कडवट असतं. पण मुलीच्या जागी उभं राहून बघावं. तिनं आईला पहाटे चारला उठताना, खुरपताना, दुपारी डोक्यावर वैरण आणताना आणि रात्री मार खाताना पाहिलेलं आहे. ती बारावीपर्यंत, बी.एस्सी.पर्यंत शिकली. तिनं पुन्हा तिथेच का जावं? मी तिचा बाप असतो तर पाठवलं नसतं. मुलाची ओढाताण खरी आणि मुलीचा नकारही खरा, हे दोन्ही एकाच वेळी मान्य करण्याची आपल्याला सवय नाही.

ती सवय नसते तिथे मोबाइल शिरतो. पेठेतल्या खोलीत रात्री अकरानंतर जे बघितलं जातं त्यात 'अल्फा' होण्याचे धडे देणारे पिळदार दंडांचे गुरू असतात. बायका पैशाच्याच मागे, कायदे बायकांचेच, रडणारा पुरुष षंढ, असा तो अभ्यासक्रम. मुलगा त्यात आधी जिमसाठी जातो, मग रागासाठी. हा राग त्याच्या कामाचा असतो, कारण तो निदान काहीतरी केल्यासारखा वाटतो. काहींचा पैसा ऑनलाइन रमीत गेला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला तोवर एकाच्या डोक्यावर अ‍ॅपवरून घेतलेली पाच कर्जं होती आणि वसुलीवाले त्याच्या मोबाइलमधल्या प्रत्येक नंबरावर फोन करत होते, शाळेतल्या बाईंनासुद्धा.

मित्र नसतात का? मित्र ढीगभर असतात. चौकात 'भावाचा बड्डे' म्हणून जो फ्लेक्स लागतो त्यावर तीस-पस्तीस शुभेच्छुकांचे चेहरे असतात. एका फ्लेक्सवरच्या 'भावा'ला मी विचारलं, यातल्या कुणाला तुझं लग्न मोडलं तेव्हा सांगितलंस? तो बराच वेळ फोटो न्याहाळत राहिला. मग म्हणाला, "यातल्या दोघांना माहीत असंल. पण बोललो नाही कुणी." दोघांना माहीत होतं, दोघंही रोज भेटत होते, आणि विषय निघाला नव्हता.

हा न निघणारा विषय मग शरीरातून निघतो. तालुक्याच्या गावात दवाखाना चालवणाऱ्या एका डॉक्टरांनी सांगितलं, पंचविशीतली पोरं पित्त म्हणून येतात, छातीत धडधड म्हणून येतात, पोटात गोळा म्हणून येतात. ईसीजी चांगला, रक्त चांगलं. गोळी नको म्हणतात, 'सलाईन लावा' म्हणतात. डॉक्टर लावतात. "बाटली संपेपर्यंत तास जातो. नर्स दोनदा येऊन बघते. तेवढ्यानं त्यांना बरं वाटतं," ते म्हणाले. यात चूक काय आणि बरोबर काय हे मला ठरवता आलेलं नाही. तीन वर्षांच्या बोलण्यात 'उदास' हा शब्द मी एकाही मुलाच्या तोंडून ऐकला नाही. 'नैराश्य' हा पेपरातला शब्द. यांचे शब्द म्हणजे टेन्शन, मूड ऑफ, कंटाळा, डोकं आऊट. झोप लागत नाही, जीव नकोसा झालाय, सगळं सोडून जावंसं वाटतं, हे सगळं 'टेन्शन'च्या एका पिशवीत कोंबलेलं असतं, आणि वरून गाठ मारलेली.

रडणाऱ्या पुरुषाचं आपण काय केलं, याचा एक दाखला घराघरांत आहे. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिणारे साने गुरुजी. महाराष्ट्र त्यांच्या पुस्तकावर रडला आणि त्यांना 'रडके' म्हणून हसलाही. पंढरपूरचं विठ्ठलमंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून १९४७ मध्ये उपोषणाला बसलेला माणूस बिनकण्याचा नव्हता. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. शाळेत आम्हाला त्यांची जयंती माहीत होती. ते गेले कसे, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. कुणी लपवलं असं नाही. विषय निघाला नव्हता.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्यांची नोंद आहे. दर दहांत सातांहून जास्त पुरुष, आणि एक तृतीयांश लोक अठरा ते तीस वयाचे. सर्वाधिक नोंदी महाराष्ट्रात, २२,७४६. कारणांच्या रकान्यात 'कौटुंबिक समस्या' ३१.७ टक्के, बेकारी आणि परीक्षेतलं अपयश अगदी किरकोळ. हा रकाना पोलीस हवालदार भरतो, घरचे सांगतील तसा. जमिनीची वाटणी, न ठरलेलं लग्न, बापाशी झालेलं शेवटचं भांडण, दारू, कर्ज हे सारं 'कौटुंबिक'मध्येच जातं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत मानसिक विकारांचं प्रमाण पुरुषांत १३.९ आणि स्त्रियांत ७.५ टक्के निघालं, ते मुख्यतः व्यसनांची गणती त्यात असल्यामुळे. पुरुषाचं दुःख दारूच्या खात्यावर जमा होतं. त्या पाहणीतल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता.

हे दुःख ऐकून घेणाऱ्या जागा आपल्याकडे नाहीतच असंही नाही. अनिता आणि अनिल अवचटांनी पु. लं. आणि सुनीताबाईंच्या देणगीच्या आधारावर १९८६ मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथे दाढीमिशावाली माणसं गोल करून बसतात आणि बोलतात, हे मी पाहिलं आहे. मुंबईत १९९३ पासून हरीश सदानींची 'मावा' ही संघटना बायकांवरच्या हिंसेविरुद्ध पुरुषांनाच उभं करते आहे, आणि त्या कामातून तरुण मुलं स्वतःच्या भीतीविषयी बोलायला लागतात हा तिचा अनुभव आहे. केंद्राची 'टेली-मानस' सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, क्रमांक १४४१६, फुकट आणि मराठीतही. मी हा क्रमांक भेटलेल्या प्रत्येक मुलाच्या मोबाइलमध्ये घातला. एकानं तो 'मामा नवीन' या नावानं साठवला, कुणी फोन बघितला तर प्रश्न नको म्हणून.

कायदाही थोडा शहाणा झाला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायला सांगितलं, आणि जुलै २०२४ मध्ये आलेल्या न्यायसंहितेत जुन्या दंडसंहितेचं ३०९ कलम उरलं नाही. गावातल्या कुजबुजीला मात्र कलम नसतं.

पुढच्या पानांत या मुलांचं बोलणं जसं आलं तसं ठेवलं आहे. शिव्या काही ठिकाणी गाळल्या, बऱ्याच ठेवल्या. मधल्या गप्पा ठेवल्या, कारण कांद्याच्या भावावर वीस मिनिटं बोलल्याशिवाय यातला एकही जण मुद्द्यावर आला नाही. सगळ्यात कामाचं बोलणं मोटारसायकलवर झालं, मी मागे बसलेलो असताना, तोंडाकडे बघावं लागत नसताना. ते टिपता आलं नाही, रात्री आठवून लिहिलं, त्यामुळे शब्द इकडेतिकडे झाले असतील. स्त्रियांच्या मुलाखतीही आहेत, दोन बहिणींच्या, एका आईच्या आणि स्थळ नाकारलेल्या एका मुलीच्या. त्या सलग न देता मध्ये मध्ये पेरल्या आहेत.

नावं, गावं बदलली आहेत. पहाटेच्या गाडीनं जाणारा तो मुलगा सुरुवातीला म्हणाला होता, माझं खरं नाव छापा, आता काय लपवायचंय. मला बरं वाटलं. खर्डा वाचायला दिला, त्यानं दोन तारखा दुरुस्त केल्या. छपाईला जायच्या आठवड्यात त्याचा फोन आला. आधी पावसाचं बोलला, मग अभ्यासिकेची फी वाढल्याचं. मग म्हणाला, "सर, तेवढं नाव काढा. धाकट्याचं बघायचं चाललंय."